पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिन स्क्रीन? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी कुणी वाचत असेल त्यालाही कळेल. ऐरोलीला तुमच्या बाबांकडे जुना डेस्कटॉप, इंटेल आय३, १२० जीबीची एसएसडी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीन विंडोज ११ घेईना, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स मिंट २२ टाकून दिलं. छान चाललं होतं. आता परवापासून बाबा पासवर्ड टाकतात, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनची तीच खिडकी समोर. पासवर्ड चुकला असा मेसेज येत नाही, एरर नाही, काही नाही. स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल आणि डेटाची गॅरंटी नाही, आणि आत बाबांचे पेन्शनचे स्कॅन केलेले कागद आणि नातवंडांचे फोटो आहेत.

फॉरमॅट मारू नका. मी नौपाड्यात हेच काम करतो, जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देणं आणि मग त्याची दुखणी निस्तरणं, आणि हे दुखणं माझ्याकडे इतक्या वेळा येतं की फोनवरच निम्मं काम होतं. ह्यात डेटा जवळजवळ नेहमी जागेवर असतो.

पहिली गोष्ट, बाबांचं लॉगिन होतंय. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं. सोसायटीच्या वॉचमनने ओळखून गेटमधून आत सोडलं पण वर फ्लॅटचं कुलूपच उघडत नाही म्हणून माणूस परत खाली गेटवर येऊन उभा, असा प्रकार आहे हा. मिंटमध्ये वॉचमनचं काम लाइटडीएम नावाचा प्रोग्रॅम करतो, पासवर्ड तपासायचा आणि बरोबर असला की बाबांच्या नावाने सेशन सुरू करून द्यायचं. सेशन सुरू होताना बाबांच्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे त्यांच्या सगळ्या फायली राहतात तिथे, दोन-चार लपलेल्या फायली लिहाव्या लागतात, काही वाचाव्या लागतात, मग सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे मिंटची आयकॉन आणि मेन्यूवाली स्क्रीन, उभा राहतो. ह्यातलं काहीही अडकलं की सेशन तिथेच मरतं आणि लाइटडीएमला वाटतं माणसाने लॉगआउट केलं, तो बिचारा परत आपली खिडकी दाखवतो. म्हणून एरर दिसत नाही. पासवर्ड खरंच चुकला असता तर त्याने तोंडावर सांगितलं असतं.

म्हणून दुसरी गोष्ट, पासवर्ड बदलत बसू नका. युट्यूब बघून लोक रिकव्हरी मोडमध्ये जातात आणि पासवर्ड रीसेट मारतात, त्याने परत परत लॉगिनवर येण्याचा हा लूप तर जात नाहीच, आणि इन्स्टॉल करताना भाच्याने 'होम फोल्डर एन्क्रिप्ट करा' ह्यावर टिक केली असेल तर अजून घोळ, कारण एन्क्रिप्शनची किल्ली जुन्या पासवर्डने बंद केलेली असते आणि बाहेरून रूटने, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाच्या खात्याने, बदललेला नवीन पासवर्ड तिला माहीतच नसतो. मग साधा लूप होता त्याच्या जागी डेटा उघडतच नाही अशी अवस्था. भाच्याला एक फोन करून विचारा टिक केली होती का.

(हे मराठी घरांत हमखास होतं म्हणून सांगून ठेवतो, तुमची केस नाहीये पण. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावलेला असतो आणि लॉगिन स्क्रीनवर तोच चालू राहतो, आपण इंग्रजी समजून बटणं दाबतो आणि आत देवनागरी जातं, वरून फक्त ठिपके दिसतात त्यामुळे कळत नाही. पण तिथे 'पासवर्ड चुकला' असं स्पष्ट येतं. वर उजव्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा दिसते, तिथे क्लिक करून इंग्रजी करायचं, झालं.)

आता कामाला लागू. लॉगिन स्क्रीनवर असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळी स्क्रीन येईल, वर लॉगिन असं लिहिलेलं. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही, ही त्याच मशीनची अक्षरांची खिडकी आहे. बाबांचं युजरनेम टाका, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना इथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, बाबांना आधीच सांगा नाहीतर ते म्हणतील कीबोर्डच बंद पडला. परत चित्रांच्या स्क्रीनवर जायला कंट्रोल ऑल्ट एफ७. इथे लॉगिन झालं, नावापुढे डॉलरचं चिन्ह आलं, की पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे ह्यावर शिक्का, आणि दोष आता फक्त डेस्कटॉप उभा राहण्याच्या वाटेवर कुठेतरी आहे.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहितोय, तुम्ही टाइप करताना सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरांत करायचं, कॅपिटल असेल तिथे मी सांगेन. डॅश म्हणजे आडवी रेघ, डॉट म्हणजे पूर्णविराम, स्लॅश म्हणजे तिरकी रेघ, ह्या तिन्ही पुढच्या अक्षराला चिकटून, बाकी शब्दांमध्ये एकेक स्पेस. सुडो (एस-यू-डी-ओ) म्हणजे ते काम रूटच्या अधिकाराने करणं, ते आलं की परत पासवर्ड मागू शकतं.

पहिली कमांड, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: इको (ई-सी-एच-ओ), स्पेस, नमस्ते, स्पेस, मोठ्यापेक्षा असं चिन्ह म्हणजे शिफ्ट आणि पूर्णविरामाचं बटण, स्पेस, चाचणी म्हणून काहीही एक नाव, समजा टेस्ट१. एंटर. ह्याचा अर्थ एवढाच की बाबांच्या फोल्डरमध्ये एक शब्द लिहून बघ. बरेच जण ह्या जागी टच कमांड सांगतात, मी नाही सांगत, कारण टचने रिकामी फाइल बनते आणि रिकामी फाइल पूर्ण भरलेल्या डिस्कवरसुद्धा बऱ्याचदा बनून जाते, आपण समजतो सगळं ठीक आहे. खरा मजकूर लिहायला लावला की डिस्क खरं बोलते.

ह्या एका कमांडची चार उत्तरं येऊ शकतात. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं तर डिस्क भरली. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' आलं तर डिस्कने लिहिणं बंद केलंय. 'परमिशन डिनाइड' आलं तर फोल्डरची मालकी बदलली. आणि काहीच न बोलता पुढची ओळ आली तर लिहिणं चालतंय, मग दोष दुसरीकडे.

१२० जीबीची एसएसडी आणि परवापर्यंत व्यवस्थित चालणारं मशीन म्हटल्यावर माझा पहिला संशय डिस्क भरण्यावरच. खात्री करायला डीएफ स्पेस डॅश एच. जी यादी येईल त्यात शेवटच्या कॉलममध्ये नुसतं एक तिरकं स्लॅश असलेली ओळ शोधा, तिथे १०० टक्के आणि उरलेली जागा शून्य दिसली तर चोर सापडला. एक गंमत त्यात अशी दिसेल की एकूण साइझमधून वापरलेली जागा वजा केली तर पाचेक जीबी शिल्लक असायला हवी, तरी उरलेली शून्य दाखवतोय. चूक नाही ती. मिंट डिस्कवर फायली ठेवतं त्या ईएक्सटी४ पद्धतीत साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, साध्या युजरला ती मिळत नाही. म्हणूनच मशीन सुरू होतं, लॉगिन स्क्रीन येते, सगळं रूटच्या जोरावर चालतं, आणि बाबांच्या नावाने एक ओळ लिहायची वेळ आली की धाडकन पडतं. दिसायला लॉगिनचा प्रॉब्लेम, असतो जागेचा.

जागा खाल्ली कुणी? मिंटमध्ये पहिला संशयित टाइमशिफ्ट. चांगली सोय आहे, सिस्टीमचे स्नॅपशॉट म्हणजे त्या वेळच्या नकला काढून ठेवते, पण एकच डिस्क असली की ते स्नॅपशॉट त्याच डिस्कवर जातात. पहिला पूर्ण सिस्टीमएवढा, पुढचे फक्त बदललेल्या फायलींचे, पण दर अपडेटला बदलतंच काहीतरी आणि छोट्या एसएसडीवर ते साचत जातं. सुडो टाइमशिफ्ट डॅश डॅश लिस्ट ने यादी बघा, मग सुडो टाइमशिफ्ट डॅश डॅश डिलीट, तो विचारेल कुठला उडवू, जुन्यातले जुने सांगा, शेवटचा एक ठेवा. हाताने तो फोल्डर डिलीट करायला जाऊ नका, टाइमशिफ्टलाच करू द्या. ह्यात बाबांचे फोटो जात नाहीत, मुद्दाम सेटिंग बदललं नसेल तर टाइमशिफ्ट होम फोल्डरमधल्या फायलींना हातच लावत नाही.

मग सुडो एपीटी क्लीन, डाउनलोड झालेल्या अपडेटची पाकिटं असतात ती जातात, एकदम सुरक्षित. सुडो जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम डॅश साइझ, बरोबरचं चिन्ह, २०० आणि लगेच कॅपिटल एम, हे सगळं स्पेस न देता, त्याने जुने लॉग कमी होतात. कचऱ्याची टोपलीही बघा, फोटो डिलीट केले म्हणजे गेले असं बाबांना वाटतं आणि ते टोपलीत बसून जागा खात असतात. होम फोल्डरमध्ये डॉट एक्ससेशन डॅश एरर्स नावाची एक लपलेली फाइल असते, एखादा प्रोग्रॅम वेडा झाला की तिच्यात एकच एरर लाखो वेळा लिहीत सुटतो आणि ती कित्येक जीबीची होऊन बसते, ती उडवली तरी चालते, परत बनते. एलएस स्पेस डॅश एलएएच केलं की साइझ दिसतील.

चार-पाच जीबी मोकळे झाले की सुडो रीबूट. दहातल्या बहुतेक वेळा इथेच बाबा आत जातात आणि बाकीचं वाचायची गरज उरत नाही.

रीड-ओन्ली आलं असेल तर मात्र जरा दमाने. लाईट धाडकन गेली, यूपीएस नाही, आणि डिस्क लिहिता लिहिता मशीन बंद पडलं की फाइल सिस्टीममध्ये गडबड राहते, मग लिनक्स नुकसान वाढू नये म्हणून स्वतःच त्या डिस्कवर लिहिणं बंद करतो. चांगल्यासाठीच करतो. पावसाळ्यात घोडबंदर रोडपासून घणसोलीपर्यंत ह्या केसेस वाढतात. इथे आधी डेटा, मग दुरुस्ती, हा क्रम सोडायचा नाही. भाच्याने ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तो शोधा, त्यावरून मशीन सुरू करा, इन्स्टॉल दाबायचं नाही, नुसतं वापरून बघायचं, फाइल मॅनेजरमधून बाबांची डिस्क उघडा आणि पेन्शनचे कागद, फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग त्याच लाइव्ह मिंटमध्ये डिस्क्स नावाचा प्रोग्रॅम आहे, कॉपीसाठी उघडलेली डिस्क आधी अनमाउंट करा आणि त्यातून ते पार्टिशन निवडून 'रिपेअर फाइल सिस्टीम'. तिथेच मेन्यूमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, दिसतो, एसएसडी स्वतःच मरायला टेकली असेल तर तो सांगतो. तसं असेल तर दुरुस्त करत बसू नका, नवीन घ्या.

परमिशन डिनाइड म्हणजे कुणीतरी सुडो लावून काहीतरी केलं आणि फोल्डर रूटच्या नावावर गेला. उपाय, सुडो चाउन (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन), स्पेस, डॅश कॅपिटल आर, स्पेस, युजरनेम कोलन युजरनेम, स्पेस, स्लॅश होम स्लॅश युजरनेम. पहिल्या स्लॅशनंतर चुकूनही स्पेस देऊ नका. नुसत्या स्लॅशचा अर्थ अख्खी सिस्टीम, ती सगळी बाबांच्या नावावर झाली की मग मात्र दुकानदार म्हणतो तेच करायची वेळ येते.

आता समजा चाचणीची फाइल मुकाट्याने लिहिली गेली. तर एलएस स्पेस डॅश एलए करा आणि डॉट एक्सऑथॉरिटी नावाची फाइल शोधा, त्यात एक्स कॅपिटल असतो. ती छोटीशी फाइल म्हणजे चित्रांच्या स्क्रीनवर खिडक्या उघडायचा परवाना. तिच्या ओळीत युजरनेमच्या जागी रूट रूट दिसलं तर हाच तो लूप, जगभर सगळ्यात प्रसिद्ध. स्टार्टएक्स ही काळ्या स्क्रीनवरून डेस्कटॉप सुरू करायची कमांड सुडो लावून चालवली की होतो. फाइल रूटची असली तरी फोल्डर बाबांचा आहे त्यामुळे बाजूला सारता येते: एमव्ही, स्पेस, डॉट एक्सऑथॉरिटी, स्पेस, जुनी म्हणून काहीही नाव. पुढच्या लॉगिनला नवीन आपोआप बनते. त्याच्या जोडीला एलएस स्पेस डॅश एलडी स्पेस स्लॅश टीएमपी पण बघून घ्या, ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरांत शेवटचं अक्षर टी हवं. नसेल तर सुडो सीएचमॉड १७७७ स्लॅश टीएमपी.

घरात इंजिनीअरिंगचं कोणी असेल, भाचा त्या वयाचा वाटतोय, तर अजून एक विचारा. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी जावा किंवा अँड्रॉइडचं काही टाकलं आणि डॉट प्रोफाइल फाइलमध्ये पाथची, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या पत्त्यांची, ओळ घातली का? लाइटडीएम सेशन सुरू करताना ती फाइल वाचतो. तिथे जुना पाथ पुसून नवीन लिहिला गेला तर सिस्टीमला स्वतःचे प्रोग्रॅमच सापडत नाहीत. ओळखायची खूण सोपी, काळ्या स्क्रीनवर एलएस केलं तरी 'कमांड नॉट फाउंड' येतं. तेव्हा पूर्ण पत्ता द्यायचा, स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश नॅनो, स्पेस, डॉट प्रोफाइल, आणि ती नवीन ओळ काढायची, कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स.

ग्राफिक ड्रायव्हरवर जास्त लिहीत नाही कारण तुमच्याकडे इंटेलचं आतलंच ग्राफिक आहे आणि ते सहसा त्रास देत नाही. तरी एक झटपट परीक्षा आहे. लॉगिन स्क्रीनवर युजरनेमच्या शेजारी छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की सेशनची यादी येते, त्यात 'सिनॅमन सॉफ्टवेअर रेंडरिंग' निवडून लॉगिन करा. त्याने आत गेलात तर दोष ग्राफिकच्या बाजूला. आणि यादीत चुकून 'वेलँड' वालं (स्क्रीनवर चित्र दाखवायची नवीन पद्धत) सेशन निवडलं गेलं असेल तर साधं सिनॅमन करा, मिंट स्वतःच वेलँडला प्रायोगिक म्हणतं, बाबांच्या मशीनवर कशाला प्रयोग. ज्यांच्याकडे एनव्हिडियाचं कार्ड आहे आणि अपडेटनंतर हे सुरू झालंय त्यांनी मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवाल्यांनी शिफ्ट) दाबून ग्रबचा (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेन्यू आणावा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचं कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडावं. त्याने चाललं तर नवीन कर्नलसाठी ड्रायव्हर बनलाच नाहीये, तो काढून परत टाकायचा, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर बंद करून बघायचं.

ह्यातलं काहीच लागू पडलं नाही तर नवीन युजर करा. सुडो अ‍ॅडयुजर, स्पेस, पाहुणा म्हणून काही नाव, पासवर्ड द्या, बाकी प्रश्नांना एंटर मारत जा, एफ७ वर येऊन त्या नावाने लॉगिन करा. पाहुणा आत गेला तर सिस्टीम ठणठणीत आहे, खराबी बाबांच्या लपलेल्या सेटिंगमध्ये. पाहुणाही परत आला तर सिस्टीममध्ये. खरं तर कितीतरी लोक हे न करता तीन तास भलतीकडे खोदत बसतात. खराबी सेटिंगमध्ये निघाली तर डॉट कॉन्फिगच्या आत डीकॉन्फ आणि सिनॅमन नावाचे जे फोल्डर आहेत तेवढ्यांची नावं एमव्हीने बदला, वॉलपेपर, पॅनेल आणि डेस्कटॉपच्या तशा सेटिंग मूळपदावर जातील, फायलींना धक्का नाही. अख्खा डॉट कॉन्फिग हलवू नका, क्रोमचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड त्यातच असतात आणि मग बाबा बँकेचा पासवर्ड तुम्हाला विचारणार.

तुम्ही संध्याकाळी बाबांकडे गेलात की इको आणि डीएफ ह्या दोनच कमांड आधी मारा आणि स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो. आणि जागेचाच प्रॉब्लेम निघाला तर आत गेल्यावर टाइमशिफ्टच्या सेटिंगमध्ये रोजचे स्नॅपशॉट बंद करून आठवड्याचे दोन ठेवा, नाहीतर काही महिन्यांनी बाबांचा परत फोन येणार.